खुलं पत्र : पुढची साथ यायच्या आधी आमच्या ग्रामपंचायतीला

मा. सरपंचताई, उपसरपंच भाऊ, सगळे मेंबर, ग्रामसेवक साहेब (सरकारनं तुमचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावासाठी तुम्ही ग्रामसेवकच, राग नका मानू), पोलीस पाटील, आणि २०२० च्या कोरोना समितीत जे जे होते ते सगळे,

रामराम, जय भीम, नमस्कार.

पंचायतीच्या बोर्डावर पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी कामं सुचवा म्हणून कागद लागलाय, लोकांनी खाली पेनानं लिहिलं पण आहे, सिमेंट रोड, हायमास्ट, देवळापुढे पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड. सगळी कामं बरोबर आहेत. मला त्यात अजून एक घालायचंय, ते एका ओळीत मावत नाही म्हणून हे पत्र. गावात आजारी माणसाला आठ-दहा दिवस वेगळं ठेवायची एक धड जागा पाहिजे, आणि त्याच्याहून जास्त, ठेवायची धड पद्धत पाहिजे. हसू नका. आता कुठला कोरोना, मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओनं पण आणीबाणी संपली म्हणून सांगून टाकलं, हे मलाही माहीत आहे. पण २०२५ च्या जानेवारीत टीव्हीवर तो एचएमपीव्ही आला तेव्हा माझ्या दुकानातला कापूर लगेच संपला होता, तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मी किराणा चालवतो. त्या दोन वर्षांत कोणाच्या घरी ताप शिरला हे मला आशाताईच्या आधी कळायचं. लवंग, ओवा, कापूर एकदम मागितला की समजायचं, पोटली बांधणार आहेत. सुंठ, गूळ, लिंबं, बिस्किटाचे पुडे नेहमीपेक्षा जास्त, आणि हे घ्यायला घरचा कर्ता माणूस नाही यायचा, लहान पोट्टं पाठवायचे हातात चिठ्ठी देऊन, म्हणजे जास्त विचारपूस नको. तरी मी विचारायचो, काय रे, घरी सगळं बरं ना? "हाव, बाबाचं डोकं दुखते उन्हानं." फेब्रुवारीत कुठलं ऊन रे बाप्पा. मग आशाताई त्याच घरी ती तापाची गन अन् ऑक्सिमीटर घेऊन गेली की सगळे ठणठणीत, ताप नाही, खोकला नाही, आणि ज्याला आहे तो मागच्या दारानं वावरात गेलेला.

लोक अडाणी म्हणून लपवतात असं तालुक्याहून आलेले एक साहेब मीटिंगमध्ये बोलून गेले होते. मला ते तेव्हाही पटलं नाही. रोगाला जेवढे भेत नव्हते तेवढे लोक वेगळं ठेवण्याला भेत होते, आणि ते भेणं काही उगाच नव्हतं, कारण या गावात वेगळं ठेवतात म्हणजे काय करतात हे आपणच त्यांना दाखवलं होतं.

आठवा जरा. २४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि लगोलग गावाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या अन् आडव्या बैलबंड्या. पुढं पुण्याहून, मुंबईहून, सुरतेहून आपलीच पोरं यायला लागली, कोणी ट्रकवर, कोणी पायी, कोणी मे मध्ये मजुरांच्या रेल्वे सुटल्या त्याच्यानं. आल्याबरोबर चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा म्हणजे वरून टिन, यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना, पंखा एक, तो पण लाईट असली तर. संडासाला पाणी नाही, पाणी बोअरवरून आणायचं तर बोअर गेटच्या बाहेर, आणि गेटच्या बाहेर पाय ठेवला की पोट्टे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचे, "पाहा कसे फिरून राहिले". घरून डबा यायचा तो गेटच्या खांबावर ठेवायचा, ठेवणारा मागे सरकला की आतल्यानं उचलायचा, इथपर्यंत ठीक आहे, तो नियमच होता. पण एका घरची लहानशी पोरगी, जेमतेम तीनेक वर्षांची, आजीला गेटपाशी पाहून रडायला लागली तर पारावर बसलेले लोक आजीवरच ओरडले, "चाल निघ इथून, गावाले मारतं का आता." माझं दुकान शाळेच्या समोर आहे, मला सगळं दिसत होतं. त्या शाळेतल्या एकालाही पुढं काही निघालं नाही. तरी पावसाळा संपेपर्यंत त्या घरचं दूध कोणी घेतलं नाही.

हे ज्यांनी पाहिलं ते लोक २०२१ मध्ये आशाताईला खरं कशाला सांगतील?

२०२१ चं पण सांगतो. १५ जानेवारीला ग्रामपंचायतीचं मतदान झालं, मग लग्नं लागली, आणि फेब्रुवारीत दुसरी लाट सुरू झाली ती आपल्याच अमरावती, यवतमाळ, अकोल्यातून, मुंबई-पुण्याचे लोक तेव्हा कोरोना गेला म्हणून मोकळे झाले होते. (मतदानानंच लाट आली असं मी म्हणत नाही, ते ठरवायला मी डॉक्टर नाही.) २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत परत लॉकडाऊन लागला. आपल्याकडं पाहून राज्यानं तेव्हाच जागं व्हायला पाहिजे होतं, झालं एप्रिलमध्ये, असो.

तर त्या वेळी होम आयसोलेशनचा नियम कोणी नीट वाचला होता का? पेशंटला वेगळी खोली, वेगळा संडास, आणि चोवीस तास पाहणारा एक माणूस, हे असेल तरच घरी राहा. आपल्या गावात घरकुलं बरीच आहेत. घरकुलाचं माप २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. त्यात आजी-आजोबा, नवरा-बायको, लेकरं, धान्याची पोती, आणि २०२० च्या उन्हाळ्यात तर कापूस पण घरातच होता, जिनिंग बंद, खरेदीचा नंबर लागत नव्हता, लोक कापसाच्या ढिगाला टेकून झोपत होते अन् रात्रभर अंग खाजवत होते. त्या घरात सहा फुटाचं अंतर कुठून आणायचं सांगा. मग मे २०२१ मध्ये सरकारनं १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंदच करायचं ठरवलं, त्यात यवतमाळ पण, म्हणजे पॉझिटिव्ह आला की थेट कोविड सेंटरला. कागदावर निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. गावात त्याचा अर्थ एवढाच झाला की टेस्टच नाही करायची.

बायांचं दुखणं तर सगळ्यात शेवटी बाहेर यायचं. घरात करणारी एकच बाई, ती वेगळी बसली तर चूल कोण पेटवणार, म्हशीचं कोण काढणार, सासऱ्याला भाकर कोण देणार. "मले काई नाई झालं, जरा अंग मोडून आलं" म्हणत तापात धुणी धुतली बायांनी. सेंटरला न्यायची गोष्ट निघाली की त्यांचा पहिला प्रश्न, तिथं बायांचा हॉल वेगळा आहे का, कडी आतून लागते का. याचं उत्तर कोणाकडेच नसायचं, फॉर्मवर तो रकानाच नव्हता. वेगळं बसणं हे बायांना काही नवीन नाही हो, आमच्या आजीच्या काळात पाळीच्या दिवसांत बाहेर छपरीतच बसवायचे (ती रीत गेली ते बरंच झालं), पण तेव्हा निदान घरातली दुसरी बाई चूल धरायची. आता दुसरी बाई आहे कुठं, घरं लहान झाली.

चांगलं काहीच घडलं नाही असंही नाही. आपल्या एका काकाजींचं सांगतो, नाव घेत नाही, गावाला माहीत आहे. एप्रिल २०२१, रिपोर्ट पॉझिटिव्ह, ऑक्सिजन चांगला, डॉक्टरनं म्हटलं भरती व्हायची गरज नाही, वेगळं राहा. घर लहान, घरात नातवंडं. काकाजी सरळ वावरात गेले. निंबाखाली राहायला खोपडी आहेच, तूर निघालेली, पराटी उपटलेली, वावर मोकळं. बाज, माठ, मच्छरदाणी, रेडिओ एवढं सामान. पुतण्या दोन्ही वेळ डबा घेऊन जायचा, डबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवून नाकाला दुपट्टा गुंडाळून या बाजूला बसायचा, काकाजी त्या बाजूला, आणि दोघं मोठ्यानं बोलत बसायचे, यंदा बियाणं कोणतं घ्यायचं, बोंडअळी किती राहील, कोणाचा जावई कुठं अडकला. ऑक्सिमीटर काकाजींकडेच होता, सहा मिनिटं धुऱ्याधुऱ्यानं चालायचे, मग बोट घालायचे अन् आकडा ओरडून सांगायचे, पुतण्या वहीत लिहायचा. ९४ च्या खाली आला की बोलणं बंद, गाडी बोलवायची, गाडीवाल्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला. शेतातली लाईट रात्रीची, म्हणून मोबाईल रात्री मोटरपंपाच्या पेटीजवळ चार्ज व्हायचा, अन् मग अर्ध्या रात्री काकाजींचे फोन यायचे लोकांना, झोपले का म्हणून. मलाही यायचा. घरी त्यांच्या बैलजोडीचं कुटार-पाणी शेजारचा करत होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काकाजी बरे होऊन आले तेव्हा तब्येत आधीपेक्षा सुधारलेली.

पारावरच्या म्हाताऱ्यांना यात काही नवल वाटलं नाही. पलेग आला की अख्खं गाव घरं सोडून वावरात झोपड्या टाकून राहायचं हे त्यांनी आपल्या आज्याकडून ऐकलंय. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, पण गोष्टी आहेत, तेव्हा आपला वऱ्हाड आणि मध्य प्रांत देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागांत होता, घरंच्या घरं बसली, पाणी द्यायला माणूस उरला नाही. आणि कोणाच्या घरी देवी, गोवर आला तर दाराला निंबाचा डहाळा लागायचा. डहाळा दिसला की कोणी आत जायचं नाही, पण दारात ताक-कण्या ठेवून हाक मारून जायचे. म्हणजे दूर राहायचं कसं हे गावाला चांगलं येत होतं. २०२० मध्ये ते आठवायला कोणाला सवडच मिळाली नाही, सगळं टीव्हीवर पाहून केलं.

पण काकाजींकडे वावर होतं. ज्याच्याजवळ धुराभर जमीन नाही, जो सालदार आहे, रोजानं जातो, तो कुठं जाऊन राहील? त्याचा तर रोज बुडाला की हिशेबच बसत नाही. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं, ते खरं, त्यानं लय घरं तगली. पण धान्याला तेल लागते, तिखट लागते, डाळ लागते. माझ्या उधारीच्या वहीत त्या काळची पानं अजून आहेत, तेल छटाकभर, तिखट दहाचं, चहापत्ती पाचची. त्यातली काही उधारी मी मागितली नाही अन् मागणार पण नाही, ते जाऊ द्या. सांगायचं एवढं की असल्या घरातल्या माणसाला चौदा दिवस बस म्हणायचं अन् तेलाचं नाव नाही काढायचं, तर तो लपवणारच.

आपल्या शाळेची सहल सेवाग्रामला गेली होती तेव्हा मी पण लेकरांसोबत गेलो. तिथं आश्रमाच्या आवारात परचुरे शास्त्रींची कुटी आहे, लोक बापू कुटी पाहतात अन् पुढं निघतात, या कुटीपाशी फार कोणी थांबत नाही. संस्कृतचे पंडित माणूस, महारोग झालेला, आणि तेव्हा महारोगी म्हणजे गावाच्या बाहेर. गांधीजींनी त्यांना आश्रमातच, जरा बाजूला, राहायला जागा दिली आणि स्वतः जाऊन मालिश करायचे. कुटी वेगळी होती पण आवाराच्या आत होती. मला आपल्या गावात एवढंच पाहिजे. महारोग्यांसाठी उभं केलेलं बाबा आमटेंचं आनंदवन वरोऱ्याला, शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन अमरावतीला, मनोहर दिवाणांचं दत्तपूर वर्ध्याजवळ, सगळं आपल्याच विदर्भात. टाकलेल्या माणसांसोबत कसं राहायचं हे इथल्या लोकांनी साऱ्या देशाला दाखवलं, अन् आपण आपल्याच पोरांना शाळेत कोंडून गेटवर शिट्टीवाला बसवला.

पंचायतीनं काही केलंच नाही असं माझं म्हणणं नाही. फवारणी केली ना. ट्रॅक्टरला पंप लावून हायपोक्लोराइटचं जंतुनाशक, रस्ते, भिंती, पार, झाडं, सगळं ओलं. असं रस्त्यावर फवारून व्हायरस जात नाही, उलट माणसाला त्रास होतो, हे डब्ल्यूएचओनं मे २०२० मध्येच सांगितलं होतं. २०१७ मध्ये कपाशीवर फवारता फवारता आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, ते ज्या गावाला माहीत आहे त्या गावातली पोट्टे तोंडाला काही न बांधता फवारत होती, फोटोसाठी. तेवढ्या पैशात शाळेच्या संडासावर पाण्याची टाकी बसली असती. मग जून २०२१ मध्ये कोरोनामुक्त गाव स्पर्धा निघाली, महसूल विभागात पहिल्या गावाला ५० लाख. हेतू चांगला असेल, नियम पण चांगले असतील, पण नियम वाचतो कोण, गावानं नावावरून अर्थ लावला. एक मेंबर बोललेच, "आता कोणी ताप आणू नका बाप्पा, ५० लाखाचा मामला आहे." सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी घेऊन येणारं पोट्टं पण बंद झालं. पॉझिटिव्ह लोकांची यादी नाव, वॉर्ड, मोबाईल नंबरासकट ग्रुपवर फिरली ती कोणी टाकली हे मी विचारत नाही, पुढच्या वेळी टाकली तर मात्र विचारीन. आणि पिणाऱ्यांचं काय करायचं हा विषय तर कोणाच्या डोक्यातच नव्हता, तिकडे आपल्याच जिल्ह्यात वणीला एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. घरात बसा म्हणणं सोपं आहे, कोण कसा बसेल हे पाहायला पाहिजे ना.

आता काम काय ते सांगतो. समाजमंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत सध्या डेकोरेशनच्या तुटक्या खुर्च्या अन् जुन्या निवडणुकांचे बॅनर आहेत. त्या मोकळ्या करा. एक बायांची, एक माणसांची, दोन्हीला आतून कडी, दोन्हीला वेगळा संडास-बाथरूम, वर पाण्याची टाकी, खिडकी, कूलर, चार्जिंगचे पॉईंट. बाहेर निंबाखाली अंतर सोडून समोरासमोर दोन बाक, म्हणजे आजीला नातीशी बोलायचं तर गेटवर उभं राहावं लागणार नाही. साथ नसेल तेव्हा खोल्या बचत गटाच्या मीटिंगला द्या, नाहीतर परत गोडाऊन होईल, आपल्या गावाला ओळखतो मी. चावी आशाताईकडे राहील, सरपंचाकडे नाही, उपसरपंचाकडे पण नाही, कारण सत्ता बदलली की आपल्याकडे चावी हरवते. (आणि त्या आशाताईचं पण पाहा, केंद्राकडून कोरोनाचा भत्ता महिन्याला हजार रुपये, जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तर गाव म्हणे ऐन वेळेवर सोडून गेल्या. हजार रुपयात दारोदार फिरून शिव्या खाऊन पाहा मग बोला.) पैसा कुठून, तर २०२१ मध्ये गावात विलगीकरण कक्ष करायला वित्त आयोगाचा निधी वापरू दिला होता, म्हणजे हे पंचायतीचं काम आहे हे सरकारनंच मान्य केलेलं आहे. संडास-पाणी बंधित निधीत, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या पैशात, बसते, ग्रामसेवक साहेबांना ते माझ्याहून जास्त माहीत.

आणि खोलीसोबत ठराव पाहिजे, नुसती खोली नको. जो वेगळा राहील त्याची ढोरं कोण पाहील याची नावं वॉर्डावॉर्डानं आधीच वहीत लिहिलेली पाहिजेत. डबा बचत गट करेल, पैसे पंचायत देईल, बायांकडून फुकट करून घ्यायचं नाही. मजुराच्या घरी तेवढे दिवस तेल, डाळ, तिखट पोचेल, ते मी खरेदीच्या भावात देतो, लिहून घ्या. दाराला कुलूप नाही, घराला लाल रिबीन नाही. संध्याकाळी कोणीतरी एक जण बाकावर जाऊन बसेल, पारावर तसेही बसताच तुम्ही. दिवस किती ते त्या वेळचे डॉक्टर सांगतील, २०२० मध्ये चौदा होते, जानेवारी २०२२ मध्ये सातावर आले, ते आपण नाही ठरवायचं. ज्याचा ऑक्सिजन उतरला त्याला मात्र खोलीत ठेवायचं नाही, गाडी अन् दवाखाना, त्यासाठी गाडीवाल्याशी आधीच भाव ठरवून ठेवा, तेव्हा काय भाव लावले होते ते सगळ्यांना आठवत असेल.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या ही विनंती. ऐन वेळच्या विषयांत टाकू नका, तिथपर्यंत येता येता लोक घरी गेलेले असतात. सभा दुपारी बारा वाजता उन्हात ठेवू नका, सकाळी ठेवा, आणि बायांना ओसरीत मागे न बसवता विचारा, कडी कुठून पाहिजे ते त्याच सांगतील. कोरम नाही म्हणून तहकूब केली तर मी १५ ऑगस्टला हाच कागद घेऊन येणार, तेव्हाही तहकूब केली तर २ ऑक्टोबरला.

तुमचाच,
शाळेसमोरचा किराणावाला

ता.क. : पंचायतीनं तेव्हा घेतलेले ऑक्सिमीटर अन् तापाची गन ऑफिसच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहेत, मी घरपट्टी भरायला आलो तेव्हा पाहिले. त्यातले सेल काढून ठेवा, सेल आतमध्ये फुटले की मशीन वाया जाते. नवे सेल मी देतो.